एक बारीकसं काम राह्यलं

आई-वडिलांनंतर माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते आर्णीच्या धनसिंगकाकांचे. हे मी कुठेही सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, काका म्हणजे कोणी नामवंत हेडमास्तर असावेत. काका नववी नापास आहेत, आणि रोज सकाळी चहा घेण्याआधी ते आपल्या गाडीच्या सहाही टायरना थापट्या मारतात.

थापटी मारायची आणि कान लावायचा. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवून छातीचा अंदाज घेतात, तसं. खिशात हवा मोजायचं गेज असतं, पण ते नंतर. "गेजनं आकडा कळते," काका म्हणतात, "टायरचं मन नाई कळत." एखाद्या टायरचा आवाज बदललेला वाटला, की चहा राहिला. मग काकू दारातून विचारायच्या, आज कोणत्या पायाला काटा रुतला म्हणून. आणि चहा परत शेगडीवरच्या गंजात ओतायच्या.

काकांचं यवतमाळ रोडवर ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं. त्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर. वयाच्या साठीत काकांनी गॅरेज पुतण्याच्या हवाली केलं आणि भंगारातून एक जुनी शाळेची मिनीबस आणली. दोन वर्षं खपून तिचं घर केलं. आत एक पलंग, गॅसची शेगडी, स्टीलचं बेसिन, चाळीस लिटर पाण्याची टाकी आणि भिंतीला दुमडून ठेवायचं टेबल. छतावर सोलरची पाटी. बॅटऱ्या दोन, एक इंजिनाची आणि एक घरची. दोघींचं वायरिंग पूर्ण वेगळं, कारण घरात पंखा लावला म्हणून इंजिन उपाशी राहता कामा नये. बाहेरून निळा रंग दिला, पण कोपऱ्याकोपऱ्यातून शाळेचा पिवळा डोकावतोच.

या गाडीला काका 'तांडा' म्हणतात. त्यांचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव जायचे. अख्खं बिऱ्हाड बरोबर चालायचं. "आमचं घर पह्यलेपासून चालतंच होतं," काका सांगत. "मधात शंभरेक वर्सं बसलं, तेवढंच."

मात्र हा तांडा गॅरेजजवळच्या लिंबाखाली उभा होता तो उभाच. पाच वर्षं. रोज कोणीतरी विचारायचं, काका कधी निघता? काकांचं उत्तर ठरलेलं.

"निघालोच समज. एक बारीकसं काम राह्यलं."

बारीकसं काम म्हणजे कधी अल्टरनेटरचा पट्टा सैल. कधी बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी, ती सोड्याच्या गरम पाण्यानं धुवायची. एकदा उंदरानं ब्रेकलाइटची वायर खाल्ली. मग काकांनी गाडीतल्या सगळ्या वायरी काढून पाइपात घातल्या आणि त्या कामात एक हिवाळा गेला. एकदा डिझेलच्या फिल्टरमध्ये थेंबभर पाणी सापडलं, तर त्यांनी टाकी उतरवली. उभी गाडी लवकर मरते, असं त्यांचं पक्कं मत. एकाच जागी वजन पडून टायर चपटे होतात. म्हणून रोज सकाळी इंजिन चालू करून गाडी वीतभर पुढं घ्यायची आणि संध्याकाळी वीतभर मागं. उन्हात टायर तडकू नयेत म्हणून त्यांच्यावर पोत्यांची झापडं.

"तुह्या काकाचा तांडा लय फिरते," काकू मला सांगायच्या. "पाच वर्सात लिंबाच्या बुडापासून लिंबाच्या सावलीपर्यंत गेला."

काका स्वतः मात्र एका जागी मिनिटभर टिकत नसत. लग्नात अक्षता पडायच्या आधी ते मांडवामागं जनरेटर उघडून बसलेले. आमच्या विहारात जयंतीला पाहुणे म्हणून बोलावलं, तर वंदना चालू असताना उठले आणि माईकच्या वायरीचा माग काढत काढत थेट वीटभट्टीवाल्याच्या मीटरपर्यंत गेले. घरघर थांबली हे खरं, पण पाहुण्यांऐवजी सत्कार रिकाम्या खुर्चीचा करावा लागला. मी बी.ए. झालो तेव्हा ते पेढे घेऊन घरी आले. आईनं पाट मांडला. काका बसले, वर पाहिलं, आणि म्हणाले, "बेरिंग गेलं याचं." पुढचा दीड तास पंखा खाली, काका स्टुलावर, आणि अभिनंदनाला आलेली माणसं घामानं भिजलेली. मला शाबासकी म्हणून ते काहीच बोलले नाहीत. पंखा मात्र आजतागायत आवाज करत नाही.

आता उपकाराचं सांगतो.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. घर एका खोलीचं, माणसं पाच. बाबा जिनिंगमध्ये हमाल. संध्याकाळी वीज हटकून जायची. आमच्या घरात दहावीच्या पुढं कोणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे अभ्यासाला जागा लागते हे कोणाला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. मी पुस्तक घेऊन गॅरेजच्या फाटकाशी उभ्या उभ्या वाचायचो, तिथं उजेड उशिरापर्यंत टिकायचा म्हणून. एके दिवशी काकांनी हाक मारली. ते मला तेव्हापासूनच बी.ए. म्हणत, मी नापास झालो असतो तर मोठी पंचाईत झाली असती.

"काय बी.ए., टाइम हाय का? घरच्या बॅटरीले लोड पायजे. आत दिवा लावून बस तीन घंटे. इकडेतिकडे हिंडू नको, रीडिंग चुकते."

मी दुमडलेलं टेबल उघडून बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा लोड हवा होता. तिसऱ्या दिवशीही. असा मी तीन वर्षं त्या बॅटरीचा लोड होतो. मी ही जबाबदारी इतक्या मनापासून घेतली, की मामाच्या लग्नालासुद्धा एका दिवसात परत आलो. बॅटरी खराब झाली असती तर काकांना काय तोंड दाखवणार होतो?

काकांना हा तांडा घेऊन कुठं जायचं होतं, हे मला काकूंनी सांगितलं. काशीला नाही की रामेश्वरला नाही. झरी जामणी तालुक्यात, म्हणजे याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. शंभर-सव्वाशे किलोमीटर. तिथं त्यांची एकुलती एक मुलगी, रेणुकाताई, उपकेंद्रात नर्स आहे. नऊ वर्षांपूर्वी तिनं तिथल्याच एका कोलाम आदिवासी वनरक्षकाशी लग्न केलं. काकांनी विरोध केला नाही, पण चार माणसं काय म्हणतील या धाकानं लग्नाला गेलेही नाहीत. त्या दिवशी ते एका ट्रकचा गिअरबॉक्स खोलून बसले होते. नंतर ताईनं निरोप पाठवला, बा आधी माझ्या घरी येतील, मग मी माहेरी येईन. तेव्हापासून ती आलेली नाही.

"मंग काका जात काहून नाहीत?" मी विचारलं.

काकू तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांच्या घराण्यात बाप लेकीच्या, भाऊ बहिणीच्या घरचं पाणी पीत नाही, त्या म्हणाल्या. काकांचे वडील आपल्या बहिणीकडं जायचे, तर पाण्याचा चंबू घरून न्यायचे. गावाबाहेरच्या झाडाखाली बसायचे, बहिणीला तिथंच भेटायचे आणि चंबू संपला की परत.

"म्हून हे एवढं लोखंड," काकू गाडीकडं हनुवटी करून म्हणाल्या. "सोताचं पाणी, सोताची चूल, सोताचा पलंग. लेकीच्या दारात राह्यचं अन् लेकीचं काई घ्याचं नाई. मी तं दर दोन महिन्यानं बसनं जाते. पाणी पिते, जेवते, झोपते. मले काय झालं?"

"पण गाडी तयार आहे की आता."

काकूंनी शेंग सोलली. "गाडी तयार हाय. गाडीत बिघाड असला का मानसाले सांगता येते, काय झालं थे. लेकीसमोर जाऊन काय सांगन?"

पुढं मी बी.एड. केलं आणि या वर्षाच्या सुरुवातीला मला नोकरीचा आदेश आला. आश्रमशाळा, तालुका झरी जामणी. नकाशात पाहिलं, तर रेणुकाताईंच्या गावापासून आठ किलोमीटर. पेढे घेऊन मी काकांकडं गेलो, तेव्हा ते गाडीखाली होते. बाहेर फक्त पाय. मी गावाचं नाव सांगितलं. पाय बराच वेळ हलले नाहीत.

मग आतून आवाज आला, "तुह्यासोबत सामान किती हाय?"

एक ट्रंक आणि एक वळकटी, मी म्हणालो. ते बसमध्ये मावलं असतं. पण काका म्हणाले, एवढ्या सामानाला बस चालत नाही.

मार्चमधल्या एका सकाळी तांडा लिंबाखालून निघाला. काकूंनी नारळ फोडला. गल्लीतली माणसं हातातली कामं टाकून बघायला आली. काकांनी सगळं तपासलं होतं. ऑइल, कुलंट, पट्टा, ब्रेक, बावीस फ्यूज, सहा चाकं आणि स्टेपनी. प्रत्येक गोष्ट दोनदा, आणि हॉर्न चारदा.

दर वीस किलोमीटरला गाडी थांबायची. काका उतरून प्रत्येक चाकाच्या मध्यावर तळहात ठेवायचे. चाक तापलं असेल तर बेरिंग किंवा ब्रेक धरतोय, हे हाताला कळतं. बैलाच्या मानेवर हात ठेवावा तसा तो हात असायचा, आणि तो ठेवताना काका काहीतरी पुटपुटायचे. घाटंजीला बाजाराचा दिवस होता. तिथं थांबलो तर लोकांना वाटलं, फिरता दवाखाना आला. बघता बघता दाराशी रांग लागली. एक म्हातारा तर आत येऊन पलंगावर बसला आणि खोकून दाखवू लागला. काकांनी लक्ष देऊन दोनदा ऐकलं.

"बिडी बंद करा बुवा," ते म्हणाले. "एअर फिल्टर जाम हाय तुमचं."

म्हातारा समाधानानं उतरला. गोळ्या मात्र त्यानं मागितल्याच.

तिथं काकांनी घरच्या बॅटरीला एक छोटं मशिन लावलं. काटा हलला, काकांनी मान डोलावली, मशिन पेटीत. सगळं मिळून पाच मिनिटं.

"काय केलं हे?" मी विचारलं.

"लोड टेस्ट."

"पाच मिनिटांत? मग मी तीन वर्षं..."

काका पेटी बंद करत होते. "थे अलग टेस्ट असते," ते म्हणाले आणि जाऊन सीटवर बसले. काकू खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांचे खांदे हसत होते.

पांढरकवडा मागं पडल्यावर रस्ता सागाच्या जंगलात शिरला. जसजसं ताईंचं गाव जवळ आलं, तसतसे काकांना आवाज येऊ लागले. टपाचा आवाज, दाराचा आवाज, एक आवाज तर माझ्या ट्रंकेचा निघाला. प्रत्येक आवाजाला गाडी थांबायची. गाव सहा किलोमीटरवर आलं, तेव्हा काका म्हणाले, "इंजिनाचा वास वेगळा येऊन राह्यला." मी आणि काकूंनी एकमेकांकडं पाहिलं. पण या वेळी वास खरा होता. टेंपरेचरचा काटा वर चढला, पुढून फुस्स आवाज झाला आणि काचेवर वाफ आली. रेडिएटरचा होस पाइप फुटला होता. नवा कोरा पाइप, मागच्याच महिन्यात बसवलेला.

खरं सांगतो, काका त्या क्षणी सुखावले. निघाल्यापासून पहिल्यांदा त्यांचा जीव शांत दिसला. गाडी निवू दिली, झाकणावर ओलं फडकं टाकून ते हळूच सोडलं. पाइप बदलायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पण कुलंट सगळं रस्त्यावर गेलं होतं. आता रेडिएटरमध्ये पाणी हवं. काका रुबाबात आत गेले, बेसिनचा नळ उघडला, आणि नळानं दोन उचक्या दिल्या.

टाकीची खालची तोटी सैल होती. आर्णीपासून इथपर्यंत थेंब थेंब करत चाळीस लिटरमधलं बहुतेक पाणी रस्त्याला पाजत आलो होतो. बावीस फ्यूज तपासणाऱ्या माणसानं ती एक तोटी बघितली नव्हती, कारण पाणी हे खातं त्यांच्या लेखी काकूंचं.

"चाकं पाह्यले," काकू म्हणाल्या, "पोट नाई पाह्यलं."

टाकीच्या तळाशी पाच-सहा लिटर निघालं. काकांनी ते सगळं रेडिएटरमध्ये ओतलं. मी म्हटलं, थोडं प्यायला ठेवा, ऊन आहे. ते म्हणाले, आधी जनावराला. पण त्यानं जनावराची अर्धीही तहान भागली नाही. काकूंनी मोबाइल काढला. काकांनी तो पाहिला आणि ते पुन्हा गाडीखाली गेले. तिथं काहीच काम नव्हतं.

पंधरा-वीस मिनिटांत स्कूटर आली. रेणुकाताई ड्यूटीच्या साडीतच होत्या, पायांमध्ये पाण्याचा दहा लिटरचा कॅन. त्या उतरल्या आणि गाडीखालच्या पायांसमोर उभ्या राहिल्या.

"बा."

काका बाहेर आले. हात पुसले. एकदा पुसलेले हात पुन्हा पुसले. नऊ वर्षांनी बापलेक समोरासमोर, आणि काकांनी विचारलं, "पाणी जड हाय का तिकडचं? रेडिएटरले खार धरते."

"उपकेंद्रातलं उकळून, गाळून ठेवलेलं हाय," ताई म्हणाल्या. "गाडीले चालते."

काकांनी मान डोलावली. कॅन उचलला आणि बारीक धारेनं, एक थेंब बाहेर न सांडता, ते पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. तळाशी तांब्याभर उरलं. काकांचे ओठ वाळलेले दिसत होते.

"जनावर प्यालं आता," काकू म्हणाल्या.

काकांनी कॅनचं झाकण लावलं आणि तो परत स्कूटरवर ठेवला. "चल याडी, तू पुढं हो," ते म्हणाले. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. लेकीलाही तसंच म्हणतात.

ताईंच्या घरापुढं गाडी लागली. काका आत गेले नाहीत. टाकीची तोटी त्यांनी घट्ट केली, मग पेटीतून रबरी पाइप काढला आणि अंगणातल्या नळाला जोडून दुसरं टोक टाकीत सोडलं. धार बारीक होती. ताई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या आत गेल्या आणि त्यांनी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. पाइप एकदम ताठ झाला.

टाकी भरली. काका गाडीत चढले, बेसिनचा नळ सोडला आणि उभ्या उभ्या तीन पेले पाणी प्याले. मी दाराशी होतो.

"टाकीतलं हाय," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

काका दोन दिवस राहिले, शाळेत रुजू होण्याआधी मीही. त्या दोन दिवसांत त्यांनी ताईंच्या स्कूटरचा ब्रेक, घराचं अर्थिंग, उपकेंद्राचा इन्व्हर्टर, जावयाच्या मोटरसायकलची चेन आणि शेजाऱ्याचा पाण्याचा पंप दुरुस्त केला. जावयाशी त्यांचं जे बोलणं झालं, ते सगळं चेनबद्दल. सहा वर्षांच्या नातीला, चिमीला, टायरला थापटी कशी मारायची ते दाखवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. काका अंगणात दोन फेऱ्या मारून आले. स्टूल सरळ केलं. मला म्हणाले, काम संपलं. काकूंना ठेवून ते एकटेच गाडी घेऊन आर्णीला परत गेले. ताई पाण्याचा कॅन घेऊन रस्त्यापर्यंत आल्या होत्या, तो त्यांच्या हातातच राहिला.

त्याला आता तीन महिने होतील. काकू परत गेल्या आहेत आणि तांडा पुन्हा लिंबाखाली वीतभर पुढंमागं करतोय. फोनवर काका पाच वाक्यांच्या पुढं टिकत नाहीत, आवाज कट होतोय म्हणून ठेवून देतात. पण कागदावर लिहिलेलं ते गाडीच्या पुस्तकासारखं पुन्हा पुन्हा वाचतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी त्यांना पत्र लिहिलं. ते असं:

तीर्थस्वरूप धनसिंगकाकांस,

जयभीम आणि राम राम. मी इथं ठीक आहे. मुलं हुशार आहेत. पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे.

तुम्ही गेल्यापासून इथं बरेच बिघाड झाले आहेत. रेणुकाताईंची स्कूटर डावीकडं ओढते. उपकेंद्राचा इन्व्हर्टर दुपारी एक बारीक आवाज करतो. पांढरकवड्याहून मिस्त्री आला होता. त्यानं सगळं बरोबर आहे असं सांगितलं, पण त्यानं फक्त पाहिलं, ऐकलं नाही. जावईबापूंनी मोटरसायकलची चेन स्वतः ओढून बसवली आहे. ती बरोबर बसली का, हे तुम्हाला विचारायला सांगितलं आहे.

ताईंच्या घरी नवी बॅटरी आणली आहे. मला वाटतं, तिला लोड लावून बघायला हवं. पाच मिनिटांचा नव्हे, तो दुसरा. त्यासाठी रोज संध्याकाळी दिवा लावून कोणीतरी तीन तास बसायला पाहिजे. चिमी पहिलीत गेली आहे, तिला अक्षरं गिरवायला बसवता येईल. पण ती हलते. शेजारी बसून लोडवर लक्ष ठेवणारा माणूस इथं कोणी नाही. मी तीन वर्षं लोड होतो, पण हे काम मला जमणार नाही, ते तुमचंच आहे.

चिमी रोज सकाळी स्कूटरच्या दोन्ही चाकांना थापट्या मारते आणि कान लावते. काय ऐकू येतं ते सांगत नाही.

घरापुढची जागा मी आणि जावईबापूंनी सपाट केली आहे. दगड काढले. गाडी सावलीत राहील. अंगणातल्या नळाला तुमच्या पाइपच्या मापाची नवी तोटी बसवली आहे. ताईंनी ती स्वतः आणली. बाकी सगळं तयार आहे, एक बारीकसं काम राह्यलं.

तुमचा,
बी.ए.

ता. क. टाकी भरून आणायची गरज नाही.